जाताना सांगून जायचं

धाकटीला घरात आजवर कोणी नावाने हाक मारलेली नव्हती. तीन भावंडांतली ती शेवटची, म्हणून धाकटी. पंचविशी गाठली, संख्याशास्त्राच्या दोन पदव्या पदरात पाडल्या, दुसरी तर थेट परदेशात येऊन पाडली, तरी फोनवर आपली धाकटीच. अप्पा, म्हणजे तिचे वडील, भेटेल त्याला सांगत की आमची धाकटी तिकडे टेक्स्टाइलमध्ये आहे. ते अगदीच काही खोटं नव्हतं. सकाळी सहा ते दुपारी दोन ती हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालत असे.

धुलाईचा कारखाना वस्तीच्या टोकाला एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये होता. एका बाजूने मळक्या चादरींची पोती आत यायची. मधे धुण्याची यंत्रं, पिळण्याची यंत्रं आणि सगळ्यात शेवटी वाफेवर तापलेले दोन मोठे रूळ. ओली चादर त्या रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर पडली की समोरासमोर उभ्या असलेल्या दोघीजणी तिचे चार कोपरे पकडायच्या, झटका देऊन ताणायच्या, अर्धी करायच्या, पुन्हा अर्धी, मग तीन पदर, आणि गठ्ठ्यावर ठेवायच्या. डाग दिसला की चादर मागच्या टोपलीत. हे एकटीदुकटीचं काम नव्हतं, त्यामुळे रुळांपाशी सगळ्या जोड्याच असत.

धाकटीची जोडीदार अठ्ठावन्न वर्षांची, ताडमाड उंच आणि मोजकं बोलणारी बाई होती. तीही इथली नव्हे, भलत्याच कुठल्या देशातून आलेली. इथली भाषा दोघींनाही मोडकीतोडकीच येई, पण दोघींची मोड वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे संसार चालून जाई. पहिल्याच दिवशी धाकटीच्या तोंडून ‘मावशी’ निघून गेलं. बाईने अर्थ विचारला. धाकटीने सांगितलं, आईची बहीण.

“आईला विचारलंस का?” बाई म्हणाली, आणि पुढची चादर पकडली. पण त्या दिवसापासून मावशी म्हटलं की ती वळून बघू लागली.

आता धाकटीच्या हातकौशल्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. साध्या चादरींच्या घड्या ती बऱ्यापैकी घालायची, म्हणजे घडीचा एक कोपरा दुसऱ्याच्या चार बोटं बाहेर राहायचा इतकंच. मावशी तो न बोलता आत दुमडायची. इलॅस्टिकवाली चादर आली की मात्र संख्याशास्त्राच्या दोन्ही पदव्या हात टेकत. ते बोचकं मावशी तिच्या हातातून काढून घ्यायची, कोपऱ्यात कोपरा घालायची आणि क्षणात पाटासारखी चौकोनी घडी करून ठेवायची. धाकटी म्हणायची, “माझं होतच आलं होतं.” मावशी म्हणायची, “हो ना.”

हे काम तिला मिळवून दिलं होतं खोलीतल्या मैत्रिणीने. ही मराठीच, दोन वर्षं आधी आलेली, पूर्वी याच कारखान्यात होती आणि आता एका बेकरीत पाव भाजायची, म्हणून तिला आपण बेकरीवाली म्हणू. बेकरीवालीने पहिल्या दिवशी धाकटीला बजावलं होतं, “डोक्याला रुमाल बांध, बांगडी घालू नकोस, आणि जाताना मुकादमबाईंना सांगून जायचं. न सांगता निघालीस तर काम गेलंच म्हणून समज.”

रुमाल आणि बांगडी धाकटीला नवी होती. सांगून जायचं हे मात्र तिला कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्या घरात शेजारी कोथिंबीर मागायला गेलेलं माणूसही सांगितल्याशिवाय परतत नसे. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तर ‘येते’. ‘जाते’ म्हणायचं नाही. लहानपणी एकदा शाळेत निघताना ती ‘जाते गं आई’ म्हणाली होती, तर आईने फाटकापर्यंत धावत येऊन तिला परत बोलावलं होतं आणि ‘येते’ म्हणायला लावून मगच सोडलं होतं. शाळेला उशीर झाला तो झालाच.

तेव्हा पहिल्या दिवशी दोन वाजता, दाराशी पुठ्ठ्याला कागद लावून उभ्या असलेल्या मुकादमबाईंसमोर धाकटी अदबीने थांबली आणि मनातलं ‘येते हं’ तिने इथल्या भाषेत जसंच्या तसं उतरवून सांगितलं. “मी येते. बरं का.” मुकादमबाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तिच्या मागे मावशी होती. तीही म्हणाली, “मीसुद्धा.” संध्याकाळी धाकटीच्या फोनवर निरोप आला, ‘उद्या सहा ते दोन.’

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. रविवार सोडला तर रोज निरोप. रोजंदारीवरच्या इतर बायकांना आठवड्यातून कधी तीन दिवस बोलावणं यायचं, कधी चार दिवस. धाकटीला मात्र पाच महिन्यांत एकही दिवस खाडा नाही. यावरून तिने एक निष्कर्ष काढला. आपलं काम बाईंच्या डोळ्यांत भरलंय. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर मावशीची तिला दयाही यायला लागली. या वयात, या कंबरेने, मावशीला रोज कोण उभं करणार होतं? आपल्या जोडीला आहे म्हणून बिचारीचं निभतंय, असं ती बेकरीवालीला दोनदा तरी म्हणाली असेल.

दुपारी खोलीवर येऊन ती नोकरीचे अर्ज पाठवायची. एकशे चौदा पाठवले. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही, काहींनी मोठ्या गोड भाषेत नाही म्हणून कळवलं. राहण्याच्या परवान्याचे पाच आठवडे उरले होते. तोवर शिक्षणाला साजेशी पक्की नोकरी लागली नाही तर सामान बांधून घरी, आणि मग अप्पा टेक्स्टाइलचं काय सांगणार हा वेगळाच प्रश्न. अशात शहराच्या पाणीखात्याकडून पत्र आलं. आकडेवारी विभागात एक जागा होती. मुलाखत गुरुवारी सकाळी दहा वाजता, समक्ष.

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. कामाची तिला मुळीच काळजी वाटली नाही. रोजंदारी म्हणजे काय, बोलावलं तर जायचं, नसेल जमत तर नाही म्हणायचं. बुधवारी दोन वाजता ती नेहमीसारखी मुकादमबाईंसमोर थांबली, “मी येते, बरं का,” म्हणाली, आणि मुलाखतीचा सदरा इस्त्री करायला खोलीवर पळाली. तासाभरात निरोप आला, ‘उद्या सहा ते दोन.’ तिने उत्तर धाडलं, ‘उद्या जमणार नाही, क्षमस्व.’

मिनिटभरात फोन वाजला. मुकादमबाई फोन करत नसत. फोन आला म्हणजे कोणाचा तरी हात रुळात सापडलाय, अशीच त्यांची ख्याती होती.

“जमणार नाही म्हणजे काय?” मुकादमबाईंनी विचारलं. “दुपारी तूच सांगितलंस ना, येते म्हणून?”

“मी कुठे सांगितलं?”

“रोज सांगतेस. कोणी विचारायच्या आत सांगतेस. पाच महिने मी सगळ्यांच्या आधी तुझं नाव लिहितेय.”

धाकटीच्या डोक्यात काहीतरी गडगडत खाली आलं.

“शब्द देऊन मोडला तर नाव कायमचं कटतं, हे तुला माहितेय,” मुकादमबाई म्हणाल्या. ते तिला माहीत नव्हतं. “आणि जोडी मोडली की दुसरीचाही दिवस जातो. तुझ्याऐवजी उभं करायला आता मला माणूस मिळायचं नाही. यायचं नसेल तर सकाळी सहाला ये आणि तिला तिच्या तोंडावर सांग. मी सांगणार नाही.”

बेकरीवाली पलंगावर बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने कपाळाला हात लावला.

“अगं, सांगून जायचं म्हणजे उद्या येणार की नाही ते सांगून जायचं! तू काय पाहुणी आहेस का निरोप घ्यायला?”

“मग तसं सांगायचंस ना! आपल्याकडे सांगून जा म्हटलं की काय म्हणतात?”

“आपल्याकडे चादरींच्या घड्या नवराबायको मिळून गच्चीवर घालतात. इथे मुकादम आहे. म्हणजे पाच महिने तू रोज स्वतः होऊन काम मागत होतीस, आणि मला येऊन सांगत होतीस की बाईंच्या मनात भरलेय?”

बेकरीवाली पोट धरून हसली, मग धाकटीचा चेहरा पाहून थांबली, मग पुन्हा हसली. धाकटीची मात्र पाचावर धारण बसली होती. मुलाखत सोडावी तर पुन्हा अशी संधी परवाना संपायच्या आत यायची नाही. जावं तर मावशीचा दिवस बुडेल, तिच्याबद्दल बाईंचं मन खट्टू होईल, पुढे तिला कोणी जोडीला घेणार नाही. तिने मनातल्या मनात मावशीला बाकावर एकटीला बसवलं, डोक्यावरचा रुमाल सोडायला लावला, आणि स्वतःच गहिवरली.

शेवटी तिने आईला फोन लावला. खरं सांगायचं तर घड्या घालण्याचंही सांगावं लागणार होतं. तिने सुरुवात केली, “आई, माझं टेक्स्टाइलचं काम आहे ना, ते म्हणजे...”

“चादरी,” आई म्हणाली. “माहितेय. तू थोरल्या ताईला बोललीस, तिने सांगितलं कधीच. अप्पांना बोलू नकोस, त्यांना टेक्स्टाइल फार आवडतं. पुढे बोल.”

पुढचं सगळं आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मी शिकवलं त्याचं हे झालं.”

“तसं नाही म्हणत गं मी.”

“म्हण की, मला काय! हे बघ, पहाटे ऊठ. आधी त्या मुकादमबाईंकडे जा, सगळं खरं सांग, मग मुलाखतीला जा. तोंड लपवून गेलीस तर तिथे धड दोन वाक्यं बोलता यायची नाहीत तुला, मी ओळखते. आणि सदऱ्याला आतून पिन लाव, तुझं ते वरचं बटण नेहमी सुटतं.”

गुरुवारी सहाला पाच मिनिटं असताना धाकटी शेडच्या दारात उभी होती. हातातल्या पिशवीत सदरा, काळे बूट आणि प्रमाणपत्रांची फाइल. मुकादमबाई पुठ्ठा घेऊन होत्याच. मावशी अजून आली नव्हती. धाकटीने रात्रभर घोकलेलं भाषण केलं. आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, अशुभ समजतात. जाणारं माणूस परत यावं म्हणून येते म्हणतात. मी ते म्हणत होते, काम मागत नव्हते. म्हणजे काम हवं होतं, पण मागत नव्हते.

मुकादमबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “म्हणजे पाच महिने तू मला नुसतं टाटा करत होतीस?”

“हो,” धाकटी म्हणाली. “चुकलं माझं. माझं नाव खोडा, पण मावशीला घरी पाठवू नका. तिचा काही दोष नाही. मी गेल्यावर तिला कोण जोडीला घेणार?”

हे शेवटचं वाक्य तिने जरा मोठेपणाने म्हटलं होतं. मुकादमबाई तिच्याकडे नवलाने बघत राहिल्या.

“तिला कोण घेणार? पोरी, तिला मी तीन वेळा उशांच्या अभ्र्यांवर बसायला सांगितलं. खुर्चीवर बसून काम, एकटीचं, रोजचं, पक्कं. तिन्ही वेळा नाही म्हणाली. म्हणे, समोरच्या मुलीला चादर सरळ धरता येत नाही, दुसरीबरोबर दिलीत तर दोन दिवसांत कामावरून काढाल तिला. तिला कुठेतरी नोकरी लागेपर्यंत मी उभी राहते.”

धाकटीला कोणीतरी गालात फटकन मारल्यासारखं झालं. पाच महिने मनाशी जपलेलं सगळं मोठेपण तिथल्या तिथे, दारातल्या ओल्या फरशीवर सांडलं. तिला आपला चार बोटं बाहेर राहणारा कोपरा आठवला, आणि तो रोज न बोलता आत दुमडणारे हातही आठवले. तेवढ्यात मावशी आली, दोघींकडे पाहिलं आणि रुमाल बांधायला लागली.

“नऊपर्यंत उभी राहा,” मुकादमबाई धाकटीला म्हणाल्या. “नंतर मी उभी राहीन. दहा वर्षांत घडी घातली नाही मी, पण तुझ्यापेक्षा वाईट नाही घालणार.”

रुळांच्या आवाजात बोलता येत नसे, त्यामुळे तीन तास दोघी काही बोलल्या नाहीत. मुलाखतीचं धाकटीने आल्याआल्याच कानात ओरडून सांगितलं होतं, मावशीने फक्त मान हलवली होती. धाकटीने त्या तीन तासांत आयुष्यातल्या सगळ्यात सरळ घड्या घातल्या. इलॅस्टिकवाली एक आली, तीही तिने हट्टाने स्वतःच केली. ती गाठोड्यासारखीच झाली, पण जरा नीटस गाठोडं. नऊला कपडे बदलून ती निघाली तर मावशी रूळ सोडून दारापर्यंत आली, सदऱ्यावरची कापसाचा एक-एक तंतू वेचून काढला, आणि वरच्या बटणाकडे बोट दाखवलं. पिन लावायची राहिलीच होती. मावशीने आपल्या रुमालाची काढून लावली.

पाणीखात्यात तिघेजण बसले होते. त्यांनी गळतीचे आकडे पुढे ठेवले आणि यात काय दिसतं ते विचारलं. धाकटीला दिसत होतं ते तिने सांगितलं, एके ठिकाणी चूक झाली, तीही कबूल केली. सध्या काय करता, असं विचारल्यावर तिच्या जिभेवर टेक्स्टाइल आलं होतं. पण सकाळी सहाला एकदा खरं बोलून झालेलं असल्यामुळे दुसऱ्यांदा फार जड गेलं नाही. चादरींच्या घड्या घालते, ती म्हणाली. फारशा चांगल्या नाही घालत. तिघांतली एक बाई हसली. अर्ध्या तासाने त्यांनी तिला पुन्हा आत बोलावलं आणि सोमवारपासून रुजू व्हाल का, असं विचारलं. धाकटी हो म्हणाली. तिने ते तीनदा म्हटलं, कारण पहिल्या दोन वेळा आवाजच फुटला नाही.

दोन वाजता ती कारखान्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा बायका बाहेर पडत होत्या. मुकादमबाई कंबरेवर हात ठेवून भिंतीला टेकल्या होत्या. धाकटीचा चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता कागदावरच्या तिच्या नावावर रेघ मारली आणि आत गेल्या. मावशी सगळ्यात शेवटी आली. धाकटीने तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं एका दमात सांगितलं. मावशी ऐकत राहिली. “सोमवारपासून,” ती म्हणाली. “छान. मग मीही सोमवारपासून बसून काम करीन. माझी कंबर तुझ्या साहेबांना आशीर्वाद देईल.”

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत अभ्र्यांचं?”

“तू विचारलं नाहीस. तू माझी काळजी करत होतीस. तुला ते फार आवडत होतं.”

धाकटी कानापर्यंत लाल झाली. दोघी बसथांब्याकडे चालू लागल्या. थोडं अंतर गेल्यावर मावशीच थांबली.

“एक गोष्ट माझीही चुकली,” ती म्हणाली. “मुकादमबाईंना कळलं नव्हतं तू रोज काय म्हणतेस. मला कळत होतं.”

“काय कळत होतं?”

“आमच्याकडेही तसंच म्हणतात. घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. माझी आई म्हणू द्यायची नाही. पहिल्या दिवशी तू ते म्हणालीस तेव्हाच मला कळलं की ही उद्याचं काम मागत नाहीये, ही निरोप घेतेय. मी त्यांना सांगायला हवं होतं, तुलाही सांगायला हवं होतं.”

“मग?”

मावशी रस्त्याकडे बघत बोलत होती. “सांगितलं असतं तर तू म्हणायचं थांबली असतीस. अकरा वर्षं झाली मला इथे. एकटी राहते. दार लावताना, निघताना, मला कोणी ते म्हणालं नाही. तू त्यांना म्हणायचीस, पण मी मागेच उभी असायचे ना. मी ते रोज माझ्यासाठी घेऊन घरी जायचे.”

धाकटीला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. भर रस्त्यात, मुलाखतीच्या सदऱ्यात, ती मावशीच्या छातीशी डोकं टेकून रडली. मावशीने थोडा वेळ तिला रडू दिलं, मग सदरा चुरगळतोय म्हणून दूर केलं. बस आली तेव्हा दोघींनी ती जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली. मग धाकटीने फाइलमधून पाणीखात्याचं कोरं पाकीट काढलं, आणि रविवारी घरी कुठे यायचं ते मावशीला विचारून त्यावर नीट, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, गल्ली, मजला, कुठल्या बाजूचं दार, सगळं.